उन्हात उभा शिपाई

यंदाच्या अंकाचा विषय ‘चौक’ आहे, असं संपादकांनी कळवलं आणि खाली एक ओळ जोडली : पुढाऱ्यांचे पुतळे सोडून लिहा. आपल्या लहान गावांच्या चौकातून पुढारी वजा केले तर उरतं काय? पाणपोई, रिक्षाथांबा, वाढदिवसाचे फ्लेक्स. आणि पुष्कळ ठिकाणी, जरा बाजूला, एक शिपाई. कुठे संगमरवरी पाटीवरच्या आकड्यात, कुठे फायबरच्या अर्धपुतळ्यात, कुठे गावच्या कमानीवर नुसत्या नावाने. अलीकडे तर शिपायाऐवजी त्याचा रणगाडाच येऊन उभा राहतो. येता-जाता त्याच्याकडे नजर जाते, पण थांबून कोणी वाचत नाही. थांबून वाचायचं ठरवलं आणि सुरुवात माणगावपासून केली. तिथल्या शिपायाचं एक स्मारक इटलीतल्या डोंगरमाथ्यावरच्या गावातही आहे, आणि ही दोन स्मारकं एकमेकांशी फारशी जुळत नाहीत.

तहसीलच्या आवारात

माणगाव मुंबईकरांना माहीत आहे ते वाहतूक कोंडीसाठी. गणपतीत किंवा लागून सुट्ट्या आल्या की गोव्याच्या दिशेने जाणाऱ्या गाड्या इथे तासन्‌तास अडकतात. बायपासचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलेलं. एसटी, डंपर, मिनीडोर, मधूनच घुसणाऱ्या दुचाक्या. काचा वर करून वैतागून बसलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की याच गावात, तहसील कार्यालयाच्या आवारात, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या २२ वर्षांच्या एका नाइकाचा पुतळा आहे. नाव यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावच्या बाजूचा हा मुलगा.

तहसीलचं आवार ही पुतळ्यासाठी चांगली जागा की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चौकात असता तर रोज हजारोंच्या नजरेला पडला असता, आणि धुराने काळवंडलाही असता. इथे येणारा माणूस उत्पन्नाच्या दाखल्यासाठी येतो, फेरफारासाठी येतो, साहेब मीटिंगला गेलेत हे ऐकून ताटकळत बसतो. त्यामुळे एक मात्र होतं : त्याच्याकडे वेळ असतो. स्टॅम्प वेंडरच्या टेबलाशी रांग, झेरॉक्सवाल्याकडे गर्दी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला सातबारा, आणि या सगळ्यात वर्दीतला तरुण. जानेवारीत त्याच्या नावाने इथे उत्सव होतो, मानवंदना दिली जाते, तालुक्यातले माजी सैनिक पदकं लावून येतात. उरलेलं वर्ष तो सरकारी कचेरीचा सोबती.

त्याने केलं काय, हे पदकाच्या मानपत्रात लिहिलेलं आहे. १० जुलै १९४४. इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. दहावी हिंदी डिव्हिजन डोंगरामागून डोंगर घेत उत्तरेला सरकत होती आणि जर्मन सैन्य प्रत्येक उंचवट्यावर मशीनगन लावून बसलं होतं. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतल्या एका कंपनीने अशाच ठाण्यावर चढाई केली. घाडगे रायफल सेक्शनचे कमांडर. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि सेक्शनमधले सगळे पडले, कोणी ठार, कोणी जखमी. उभा राहिला तो एकटा कमांडर. मागून येणारं कोणी उरलेलं नाही हे कळत असूनही तो धावत सुटला. ग्रेनेड फेकला, गन आणि गन चालवणारा दोन्ही गप्प झाले. टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन संपलं, नवं चढवायला सवड नव्हती. मग बंदूक नळीकडून धरून राहिलेल्या दोघांना त्याने दस्त्याने ठार केलं. दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत घुसल्या आणि एकट्याने घेतलेल्या त्याच ठाण्यात तो मेला.

वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो नुसता अभिमानाचा नसतो. बंदुकीच्या दस्त्याने माणूस मारणं ही काय गोष्ट आहे, हे मानपत्र कोरडेपणाने सांगतं. आपल्याकडच्या चबुतऱ्यांवर साधारणपणे यातलं काही येत नाही. तिथे ‘अतुलनीय शौर्य’ असतं, ‘देशासाठी बलिदान’ असतं, जन्म-मृत्यूच्या तारखा असतात आणि खाली, बऱ्याचदा त्याहून ठळक अक्षरांत, अनावरण कोणाच्या शुभहस्ते झालं ते असतं. त्या दिवशी डोंगरावर काय घडलं हे जाणून घ्यायचं तर पुतळ्यापुढे उभं राहून मोबाइल काढावा लागतो.

आणखी एक अवघडलेपण आहे, ते उघड बोललं जात नाही. कोणाचं युद्ध होतं ते? १९४४ साली कोकणातला, साताऱ्याकडचा तरुण इंग्रजांच्या पलटणीत भरती होत होता, आणि त्याच वेळी सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इंग्रजांना पळता भुई थोडी करत होतं. दोन्हीकडे शेतकऱ्यांचीच पोरं. स्वातंत्र्यानंतर आपण एकांना हुतात्मा स्मारकं दिली. दुसऱ्यांचं काय करायचं हे आपल्याला नीट सुचलं नाही. त्यांचे पुतळे मग तालुक्याच्या अभिमानाच्या खात्यावर जमा झाले. माझ्या मते त्यात काही वावगं नाही. घाडगे राजासाठी लढायला गेले की पगारासाठी, की घरात पलटणीची वाट पडलेलीच होती म्हणून, हे कळायला आता मार्ग नाही. सेक्शनमधली माणसं डोळ्यांदेखत पडल्यावर ते कोणासाठी धावले, त्याचा अंदाज मात्र कोणालाही करता येईल.

मोंतोने

घाडग्यांचा देह मिळाला नाही, निदान ओळख पटलेली कबर कुठे नाही. कॅसिनो इथल्या युद्धस्मशानात एक स्मारक आहे. इटलीच्या मोहिमेत पडलेल्या आणि कबर ठाऊक नसलेल्या ४,००० हून अधिक राष्ट्रकुल सैनिकांची नावं तिथे कोरली आहेत. त्यात हे एक. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या विधवा पत्नीने स्वीकारला.

इटलीच्या मोहिमेत ५०,००० हून अधिक हिंदी सैनिक उतरले होते, चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजनमधून. त्यातले ५,७८२ परत आले नाहीत. तिथे एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले सहा हिंदी सैनिकांना. एवढं होऊनही इटलीतल्या सामान्य माणसाच्या आठवणीत ही मंडळी बरीच मागे होती. मग जुलै २०२३ मध्ये मोंतोने नावाच्या गावाने घाडग्यांच्या नावाने स्मारक उभारलं. पेरूजा प्रांतातलं, टायबरच्या खोऱ्यावर नजर ठेवून असलेलं हे मध्ययुगीन तटबंदीचं गाव. पंधराव्या शतकातला नामांकित भाडोत्री सेनापती ब्राच्चो दा मोंतोने इथल्याच घराण्यातला, त्यामुळे गावाला शिपाईगिरी नवी नाही. गावची नगरसंस्था आणि इटलीतले लष्करी इतिहासाचे अभ्यासक यांनी मिळून हे काम केलं. अनावरणाला भारताच्या राजदूत हजर होत्या, भारतीय लष्कराची पाटीही तिथे बसवली गेली.

पण पुतळा केला नाही. सूर्यघड्याळ केलं. त्यावरच्या लॅटिन बोधवाक्याचा आशय असा की आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत.

मला हे फार आवडलं, आणि का आवडलं याचा विचार बराच वेळ करत होतो. एक तर त्यात जिंकलेला-हरलेला असा भेद ठेवलेला नाही. ज्या गावाने हे बांधलं त्या देशाचं सैन्य १९४३ च्या सप्टेंबरपर्यंत समोरच्या बाजूला होतं. मशीनगनमागचे जर्मनही त्याच उन्हात होते. दुसरं म्हणजे सूर्यघड्याळ हे जागेला बांधलेलं यंत्र आहे. त्याची आखणी त्या ठिकाणच्या अक्षांशावर ठरते. मोंतोने विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे ४३ अंशांवर आहे, माणगाव १८ अंशांवर. तिथलं घड्याळ उचलून इथे आणून बसवलं तर ते चुकीची वेळ दाखवेल. सूर्य एकच असला तरी सावली ज्या त्या गावची. एका परक्या देशातल्या पोराची आठवण ठेवायला गावाने अशी वस्तू निवडली, जी त्याच गावात खरी ठरते.

असं काही माणगावात का होऊ नये, असं एकदा मनात येऊन गेलं. मग लक्षात आलं की सूर्याला साक्ष ठेवून शिपायाचं स्मारक करण्याची पद्धत आपल्याकडे हजार वर्षांपूर्वीपासून होती.

किकलीचे दगड

साताऱ्याजवळ, वाई तालुक्यात, किकली गाव आहे. तिथल्या भैरवनाथाच्या देवळाच्या परिसरात वीरगळ ओळीने उभे आहेत. महाराष्ट्रात वीरगळ गावोगावी सापडतात, शेताच्या बांधावर, पारावर, कधी धुणं धुवायच्या दगडाच्या रूपातही. पण इतके एकत्र क्वचित.

एका दगडापुढे उकिडवं बसलं की वाचन खालून सुरू करायचं. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला. काही दगडांवर शेजारी गाई असतात, म्हणजे गोधन राखताना मेला. तिच्या वरच्या चौकटीत लढाई : ढाल-तलवार, समोर दोन-तीन शत्रू, कधी घोडा. आणखी वर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेताहेत. सगळ्यात वर तो हात जोडून शिवलिंगासमोर बसलेला, बाजूला पुजारी. माथ्यावर कलश, आणि दोन अंगांना चंद्र आणि सूर्य. ते जोवर आहेत तोवर याची कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ लावतात. बोरिवलीच्या एकसरला तर वीरगळांवर आरमारी लढाई आहे, वल्ही लावलेल्या नावांच्या रांगाच्या रांगा.

बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. तरी तो माणूस कसा मेला हे आठशे वर्षांनी कळतं. कारागिराला चेहरा जमवायचा नव्हता, प्रसंग सांगायचा होता. गावातल्या निरक्षराला, पोराबाळांना तो बोट ठेवून वाचता येत होता. आपल्या आजच्या अर्धपुतळ्याचं नेमकं उलटं आहे. नाव आहे, चेहरा आहे, तारीख आहे, गोष्ट गायब.

शेंदूर फासून काही वीरगळांचे देव झाले आहेत, त्याबद्दल पुरातत्त्वाच्या अभ्यासकांची तक्रार असते. असेल. पण शेंदूर लागला म्हणून तो दगड जोत्यात गेला नाही, पायरीला लागला नाही, हेही खरं.

गाव आणि आकडा

पुणे-बंगळुरू महामार्गावरून साताऱ्याच्या पुढे नागठाण्याच्या बाजूला वळलं की अपशिंगे लागतं. एसटीच्या पाटीवरही ‘अपशिंगे मिलिटरी’. कोल्हापुरात शिरोळ तालुक्यात टाकळीची सैनिक टाकळी झाली, तसंच. इथे एखाद्या घरात कोणी सैन्यात नाही असं झालं तर त्याचं कारण विचारलं जातं. मुलांना पहाटे रस्त्यावर पळायला लावणं हा गावचा रोजचा कार्यक्रम, आणि हाक मारताना नावापेक्षा हुद्दा आधी येतो : सुभेदार, हवालदार, कॅप्टनसाहेब.

पहिल्या महायुद्धात या गावातले ४६ जण कामी आले. त्याची आठवण म्हणून इंग्रज सरकारने इथे शिलालेख लावला. असे शिलालेख त्या काळी हिंदुस्थानभर, ज्या ज्या गावांनी भरती दिली तिथे लावले गेले. मजकूर ठरीव असायचा : या गावातून महायुद्धाला इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. छापील अर्जात रिकाम्या जागा भराव्यात तसे दोन आकडे. नावं नाहीत.

हे केवळ गावच्या पाटीपुरतं नव्हतं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठ्यांच्या पलटणी मोठ्या संख्येने होत्या. कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशीपोटी शरण गेल्या. त्या भागात मेलेल्यांसाठी बसरा इथे भलंमोठं स्मारक बांधलं. त्यावर इंग्रज शिपायाचं नाव कोरलं, हिंदी अधिकाऱ्याचंही कोरलं. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक नुसती संख्या लिहिली. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःचाच अहवाल प्रसिद्ध करून हा भेदभाव कबूल केला. प्रामुख्याने पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधल्या निदान १,१६,००० जणांची नावं कुठेच कोरली गेली नाहीत, असं त्यात म्हटलं आहे. कुतला अडकलेली ११० नंबरची पलटण म्हणजेच पुढे १९२२ च्या फेररचनेत पाचव्या मराठाची तिसरी झालेली पलटण, घाडग्यांची. बसऱ्याच्या स्मारकानंतर तीस वर्षांच्या आत त्याच पलटणीतल्या शिपायाचं नाव कॅसिनोच्या दगडावर गोऱ्यांच्या बरोबरीने कोरलं गेलं. साम्राज्याला शहाणपण आलं की शिपायांची गरज जास्त भासू लागली, ते ज्याचं त्याने ठरवावं.

अपशिंगेकरांचं मात्र त्या आकड्याशी चांगलं जमलं आहे. पाहुणा आला की आधी त्या दगडाकडे नेतात. नाव नसल्यामुळे तो कोणा एका घराचा झाला नाही, भावकीत वाद झाला नाही, सगळ्या आळ्यांचा राहिला. ज्या पाटीत मला उणीव दिसते, त्याच पाटीवर गाव शंभर वर्षं एकत्र उभं आहे.

भावाचं नाक

पुतळा तयार कसा होतो हे पाहायला कोल्हापुरातल्या एका शिल्पकाराच्या कार्यशाळेत गेलो. शेडमध्ये एका रांगेत तीन धडं ठेवलेली होती, तिन्ही वर्दीतली, तिन्हींना डोकी नाहीत. शिल्पकार मोकळेपणाने सांगत होते की गावाचं बजेट बेताचं असेल तर खांद्यापर्यंतचा वर्दीचा साचा तयारच असतो, त्यावर डोकं तेवढं नवं करायचं. सैनिकांचे अर्धपुतळे एकमेकांचे भाऊ का वाटतात, त्याचा उलगडा झाला.

डोकं करायला हाताशी असतो एक फोटो. भरतीच्या वेळचा किंवा ओळखपत्राचा, समोरून काढलेला, भेदरलेला. बाजूने नाक कसं होतं, कानाची पाळी चिकटलेली की सुटी, हे त्यातून कळत नाही. मग सख्ख्या भावाला बोलावून स्टुलावर बसवायचं आणि त्याच्या नाकावरून अंदाज घ्यायचा. लोखंडी सळईच्या सांगाड्याला काथ्या आणि लाकडाच्या फुल्या बांधतात, त्यावर माती चढवतात. माती ओली आहे तोवर घरच्यांना पाहायला बोलावतात. हा सगळ्यात अवघड दिवस. वडील लांबून बघतात आणि ‘बरोबर आहे’ म्हणतात. आई जवळ जाते, गालावरून हात फिरवते, आणि म्हणते की सुट्टीवर आला होता तेव्हा वाळला होता, इतके गाल नव्हते. शिल्पकार तिथल्या तिथे माती काढतात. पलटणीतला कोणी मित्र आला असेल तर त्याची नजर वेगळीकडे असते : बेरेवरचा बिल्ला डाव्या डोळ्यावर आला का, पदकांचा क्रम बरोबर आहे का, कॉलर कडक आहे का.

मातीवरून प्लास्टरचा साचा घेतात. इथे पैशांचा प्रश्न येतो. फायबर करायचं तर साच्यात रेझिन आणि फायबरची जाळी थरावर थर देऊन बसवायची, वरून तांबूस काळपट रंग. वजनाला हलका, खिशाला परवडणारा. पण ऊन खाऊन पाच-सात वर्षांत रंग उडतो, कानाशी चीर जाते. ब्राँझ करायचं तर साच्यात मेणाची पोकळ प्रत काढायची, आत-बाहेर भट्टीत टिकेल असं मिश्रण भरायचं, तापवून मेण वाहू द्यायचं आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. या धातूला कारखान्यात गनमेटल म्हणतात. तांबं साधारण ८५ टक्के, बाकी कथील, जस्त, शिसं. पूर्वी याच जातीच्या धातूच्या तोफा ओतत. खुद्द व्हिक्टोरिया क्रॉसही १८५६ पासून जुन्या तोफांच्या ब्राँझमधूनच घडवला जातो.

परवानगीचा कागद आणि छत्तीस टनांचा पाहुणा

पुतळा झाला तरी तो बसवायचा कुठे? १८ जानेवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्त्यांवर, फुटपाथवर नवे पुतळे बसवायला मनाई केली. महाराष्ट्रात २०१७ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती परवानगी देते. त्यासाठी जागा निर्वेध असल्याचा पुरावा हवा, पोलिसांचं ना-हरकत हवं, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता हवी, आणि पुढे देखभाल कोण करणार याची हमी. ऑगस्ट २०२४ मध्ये मालवणला राजकोट किल्ल्यावरचा शिवपुतळा कोसळल्यानंतर ही कागदपत्रं अधिक बारकाईने पाहिली जाऊ लागली आहेत, असं या कामातले लोक सांगतात.

शहीद जवानाच्या बाबतीत मात्र यातलं बरंचसं आधी घडून जातं आणि कागद मागाहून फिरतो. अंत्यसंस्काराच्या दिवशी पालकमंत्री, आमदार, हजारो लोक असतात. त्या गर्दीत स्मारकाचा शब्द दिला जातो. बहुधा जिथे दहन झालं तिथेच चौथरा होतो, गायरानात किंवा घरच्या शेतात. वर्षश्राद्धापर्यंत उत्साह असतो. नंतर तिथला दिवा गेला की बदलायचा कोणी, हा प्रश्न घरच्यांवर येऊन पडतो. मी पाहिलेल्या एका ठिकाणी जवानाचा चुलता रोज सायकलवर येऊन झाडू मारून जात होता. ग्रामपंचायतीच्या ठरावात देखभाल समिती होती, सात सदस्यांची.

म्हणून असेल, पण गावपुढाऱ्यांचा ओढा आता रणगाड्याकडे आहे. भारतीय सैन्याने निवृत्त केलेले टी-५५ रणगाडे मागणी केल्यास शहरांना, शाळा-कॉलेजांना दिले जातात. सुमारे ३६ टन वजन, १०० मिलिमीटरची तोफ, चौघांचा क्रू, रशियन बनावट, १९७१ च्या युद्धात वापरलेला. तोफ निकामी करून देतात. ट्रेलर, क्रेन आणि काँक्रीटचा चौथरा यांचा खर्च मागणाऱ्याचा. रणगाड्याला नाक जमवावं लागत नाही, जात विचारली जात नाही, कोणाच्या घरच्यांना बोलवावं लागत नाही. रंग मारला की झालं. पोरं तोफेवर लोंबकळतात, नवरानवरी लग्नाआधीचं शूटिंग करतात. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात हेच धूड पाहिलं तर त्याची माहिती मिळते, सोबतीला इतर रणगाडे असतात, काही कळतं. चौकात ते नुसतं खेळणं होतं, जत्रेतल्या पाळण्यासारखं. त्यात बसून कोण लढलं, उन्हाळ्यात आत किती तापायचं, कोण भाजून मेलं, यातलं काही नाही. वीरगळात नाव नव्हतं पण माणूस होता. इथे माणूसच नाही. ही माझी नावड आहे, आणि ज्या गावांत मी ती बोलून दाखवली तिथे कोणालाही पटली नाही.

जे परत आले

वर मी सगळं मेलेल्यांचं लिहिलं. आपली स्मारकंही तशीच आहेत. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांची जोडी मला म्हणून महत्त्वाची वाटते. नोंदींप्रमाणे घाडग्यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा, जाधवांचा १८ नोव्हेंबरचा. दोन दिवसांचं अंतर. दोघेही पाचव्या मराठात, दोघेही इटलीत. संगमनेर तालुक्यातल्या निमजचे जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर होते. कंपनी-कमांडरबरोबरची जवळपास सगळी माणसं पडल्यावर त्यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून ओढून काढलं, परत जाऊन मशीनगनची ठाणी गप्प केली, हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन टाकून नुसत्या ग्रेनेडनी. मग बांधावर चढून शिवाजी महाराजांच्या नावाची गर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. ते जिवंत परतले आणि ऑगस्ट १९८४ पर्यंत जगले. जवळपास चाळीस वर्षं पदक घेऊन हयात असलेल्या माणसासाठी गावाने काय करायचं असतं, याचा शिरस्ता आपल्याकडे नाही.

तो आजही नाही. सतरा वर्षं नोकरी करून पस्तिशीत परत आलेला हवालदार बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन उभा राहतो, किंवा माजी सैनिकांच्या ‘मेस्को’ या महामंडळामार्फत कुठल्या तरी सरकारी इमारतीवर सुरक्षारक्षक होतो. एका तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेच्या खोलीत मी जमलेल्यांना विचारलं की तुमच्या हयातीत तुमच्यासाठी काही उभारलं जावं असं वाटतं का. पहिल्यांदा हसले. मग घरपट्टी निघाली. २०२० पासून माजी सैनिकांना आणि विधवांना मालमत्ता करात माफी आहे, पण ग्रामपंचायतीत दर वर्षी नव्याने कागद मागतात. त्यानंतर कॅन्टीनचं अंतर. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, इसीएचएसच्या, दवाखान्यात मिळत नसलेली औषधं. पुतळ्याचा विषय परत निघालाच नाही. एकाने तेवढं सुचवलं की स्मारकाशेजारी एक बाकडं टाकावं, कार्यक्रमाला म्हाताऱ्यांना दोन-दोन तास उभं राहावं लागतं.

निघताना त्यांनीच एक जुनी पाटी दाखवली. गावातून सैन्यात असलेल्या आणि निवृत्त झालेल्यांची नावं, हुद्दे, पलटणी, ऑइलपेंटने रंगवलेली. वर्षातून एकदा पेंटर येतो आणि कामावर असलेल्यांच्या रकान्यातून माजीच्या रकान्यात नावं सरकवतो. यंदा अडचण अग्निवीरांची आहे. २०२२ च्या जूनमध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी फक्त पाव हिस्सा मुलं कायम होतात. बाकीची घरी येतात आणि नियमाप्रमाणे त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही. कमी दर्जाचं नाव पाटीवर कशाला, असं एकाचं म्हणणं. निवृत्त सुभेदार त्याच्यावर उखडले. बर्फात उभं राहताना पोराला कोणी विचारलं होतं का की तू चार वर्षांचा की सतरा वर्षांचा? बराच वेळ हुज्जत चालली. शेवटी तिसरा रकाना काढायचा ठरलं, आणि त्याला मथळा काय द्यायचा यावर चहा गार होईपर्यंत पुन्हा तेच.